डावी मल्लव्वा

"उठा," नकाशेबाई म्हणाली.

मी उठलो नाही. अंगावर नऊवारी लुगडं, डावा पाय वासा घातल्यासारखा ताठ, डावा हात पोटाशी आखडलेला आणि बुडाखाली चिनी मातीचा कमोड. चारी बाजूंना प्लायवुड, वर उघडं आभाळ आणि प्लायवुडच्या पलीकडे अर्धी वस्ती कान लावून उभी. अशा वेळी माणूस उठेल कसा?

"रंगनाथराव, उठून दाखवा ना."

"बाई, मी रंगनाथ असतो तर केव्हाच उठून चहाला गेलो असतो. सध्या मी मल्लव्वा आहे. मल्लव्वाला उठवत नाही."

"घरात बी उठवत न्हाई त्यांना," पलीकडून माझी बायको शेवंता म्हणाली. "ऊन डोक्यावर येईस्तोवर."

बाहेर हशा पिकला. नकाशेबाई हसली नाही. एका हातात पाइपचा तुकडा, दुसऱ्या हातात खडू, दातांत पेन्सिल. ती पेन्सिल तिने इतकी चावली होती की तिच्यात लाकूड किती आणि दातांचे व्रण किती, ते सांगता आलं नसतं.

"दांडी कुठं हवी ते तरी दाखवा."

मी उजवा हात भिंतीवरून चाचपत फिरवला. "हितं. न्हाई, वाईच खाली. आता जरा म्होरं." बाईने खडूने खूण केली आणि पाइप तिथे दाबून धरला. मी तो धरला, कण्हलो, दोन शिव्या दिल्या, एक गुडघ्याला आणि एक नगरपालिकेला, आणि उठलो.

टाळ्या पडल्या. संडासातून बाहेर येऊन टाळ्या घेणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

घराणं आमचं बहुरूप्याचं. हवालदार, गोसावी, सरकारी डॉक्टर, पळून आलेली नवरी, जे मागाल ते सोंग. माझा हवालदार इतका चोख होता की एकदा खऱ्या शिपायाने मला सलाम ठोकून बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली. मी दिली. हजर व्हायला उशीर करू नको, असंही बजावलं. खोटं वाटत असेल तर त्या शिपायालाच विचारा. त्याची बदली पुढे कुठे झाली ते मात्र मला ठाऊक नाही.

पण तेव्हा सोंगावर पोट भरायचे दिवस सरत आले होते, आणि आमच्या खाणमाळाला वेगळाच घोर लागला होता. खाणमाळ म्हणजे सावळेर गावाच्या कडेची बंद पडलेली दगडखाण. तिच्या काठाने वडार, कैकाडी आणि आम्ही बहुरूपी पत्र्याच्या झोपड्यांत राहत होतो. नगरपालिकेने आम्हाला पक्की घरं द्यायची ठरवली. कुठे द्यायची, एवढंच ठरायचं होतं. एक तर तिथेच, माळावर. नाही तर एमआयडीसीच्या पलीकडे सात मजली बिल्डिंगी बांधून तयार होत्या. त्या मी बघून आलो होतो. लिफ्टसुद्धा होती. एका कुटुंबाने तिच्यात कोंबड्या पाळल्या होत्या. कोंबड्या सुखात होत्या, कारण लिफ्ट कधी हलायची नाही.

नकाशेबाईचं खरं नाव नीरजा कानिटकर. आर्किटेक्ट होती. नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन ती पहिल्या दिवशी वस्तीत शिरली, तेव्हा वडारांच्या पोरांनी तिला नाव दिलं ते चिकटलं. तिचं म्हणणं एकच. आधी माणसं बघू, मग घरं काढू. टोपली विणणाऱ्याला बांबू भिजवायला जागा लागते, आंधळ्याला सरळ वाट लागते, म्हातारीला धरायला काहीतरी लागतं. सगळ्यांना एकाच काडेपेटीत कोंबून कसं चालेल?

नगरपालिकेच्या घरबांधणीचे इंजिनिअर डावरे साहेब. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि अट घातली. "एक घर नमुन्याचं उभं करा. तुमच्या वस्तीत ज्याला सर्वांत जास्त अडचण आहे, ते माणूस त्या घरात एकटं राहू शकतं असं मला दिसलं, तर माळावर हीच घरं. नाही दिसलं, तर बिल्डिंगी आहेतच. आणि ज्यांना एकटं राहणं जमत नाही त्यांची सोय जिल्ह्याच्या आश्रमात होईल."

सर्वांत जास्त अडचण मल्लव्वाला, यात कुणाचं दुमत नव्हतं. मल्लव्वा धोत्रे. याच खाणीत तिच्या अंगावर दगड आला, तेव्हापासून अर्धं अंग अधू. मागेपुढे कुणी नाही. तोंड मात्र शाबूत. आश्रमाचं ऐकल्यावर ती म्हणाली होती, "तिथं सकाळी घंटा वाजवून सगळ्यास्नी एकदम उठवत्यात म्हनं. म्या कुणाच्या घंटीवर उठत न्हाई."

बाई तिच्याकडे गेली, समोर मांडी घालून बसली आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, संडासाला बसताना तुम्हाला काय त्रास होतो? एकदा बसून दाखवाल?"

मल्लव्वाने मिसरीची डबी फेकून मारली. "म्हातारीच्या बुडाचा नकाशा काढायचाय व्हय गं तुला? जा, तुझ्या आयशीला बसव."

त्यानंतर बाई दिसली की मल्लव्वा गोणपाट पांघरून गाठोड्यासारखी बसायची. ना उठायची, ना चालायची. तिचं काहीच दाखवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तिचं दाखवल्याशिवाय घर मंजूर व्हायचं नव्हतं. बाई रडकुंडीला आली. तेव्हा शेवंता सहज बोलून गेली, "आमचे हे करतील की मल्लव्वा. एवढी सोंगं केली, त्यात आणिक एक."

मी शिकलो तिला. मल्लव्वा माझ्यापासून काही लपवत नव्हती. मी तिच्या दारात, तिच्या समोर बसायचो, ती मिसरी लावायची आणि माझ्या बापाच्या गमती सांगायची. मी बघत राहायचो. ती अंग कसं उचलते, कुठे थांबते, दुखलं की आधी ओठ आवळते की डोळे. सोंग म्हणजे लुगडं नव्हे. माणूस वेदनेच्या आधी काय करतो, ते सोंग.

मी वस्तीत पहिल्यांदा मल्लव्वा होऊन फिरलो तेव्हा तिचं कुत्रं माझ्यामागून आलं. बाई तर वेडीच झाली. दाराची रुंदी, उंबऱ्याऐवजी उतार, काठी अडकवायची खाच, दाराशी बसायचा कट्टा, ओट्याची उंची, सगळं माझ्या अंगावर बेतून झालं. मग तिने मला आंधळा पेटीवाला केलं. मग कैकाड्याची पोटुशी सून केलं. त्या सोंगात मी ओट्याला असा काही अडकलो की गावची सुईण कितवा महिना म्हणून विचारायला लागली. पण घराचा कणा होती मल्लव्वा. ती जमली की बाकीचे जमणारच, असं बाई म्हणायची.

प्लायवुड काढून त्याच मापाने वडारांनी विटांचं घर उभं केलं. दांड्या सिमेंटमध्ये पक्क्या झाल्या. डावरे साहेब यायचा दिवस ठरला. त्या दिवशी सकाळी मी मिशी काढली, कारण साहेबांना माझ्या अंगावर घर चालवून दाखवायचं आणि हा बहुरूपी आहे, मल्लव्वासारखा वागून दाखवतोय, असं सरळ सांगायचं, असा बाईचा बेत होता. लपवाछपवी नव्हती त्यात काही.

मी नमुन्याच्या घरात बाईबरोबर शेवटची पाहणी करत होतो. एवढ्यात बाहेर काठी वाजली. मल्लव्वा स्वतः आली होती. शेवंताने तिला सांगितलं होतं की दुसरी मल्लव्वा पहिलीपेक्षा देखणी आहे. तेवढ्यावर आली.

दारात थांबली. काठी ठेवायला हात लांब केला. खाच दुसऱ्या बाजूला होती. कट्ट्यावर टेकायला वळली, तर अर्ध्यात अडली आणि परत सरळ झाली. मग संडासाच्या दारात जाऊन त्या चकचकीत दांडीकडे बघत राहिली.

"रंग्या, ही कुणासाठी?"

"तुझ्यासाठी की."

"माझा हात कंचा मेलाय?"

मी बघितलं. तिचा उजवा हात पोटाशी आखडलेला. मग माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तिला बघून सवयीने माझाही हात पोटाशी आला होता. डावा. आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो, आणि मधे नुसता आरसा असावा तसे दिसत होतो.

आमच्या धंद्यात नक्कल समोरून शिकतात आणि समोरूनच दाखवतात. तुम्ही उजवा हात उचलला की मी डावा उचलणार. पिढ्यान् पिढ्या लोक म्हणत आले, वा, हुबेहूब. कारण माणूस स्वतःला बघतो ते आरशात. त्याला आरशातलाच आपण खरा वाटतो. ही चूक नव्हे. अशी नक्कल करायलाच मला शिकवलं होतं. पण आजवर माझ्या नकलेच्या मापाने कुणी घर बांधलं नव्हतं.

बाईच्या तोंडचा रंग गेला. "असं कसं होईल? मी स्वतः मापं घेतली."

"कुणाची?" मल्लव्वाने विचारलं.

बाई खाली फरशीवर बसली. कितीतरी वेळ पेन्सिल चावत राहिली. मग एकदम खडू काढून तिने फरशीवर रेघा ओढायला सुरुवात केली. "थांबा. थांबा जरा. माळावरची घरं मजल्यांची, जोडीने येणार. जिना इथे. जिन्याच्या या बाजूला हे घर. त्या बाजूचं घर म्हणजे हेच, पण उलटं. पाण्याचे नळ एकाच भिंतीतून न्यायचे म्हणून तसं करतात. निम्मी घरं अशी, निम्मी तशी. आजी, समोरच्या घरात दांडी तुमच्या डाव्या हातालाच येते."

माझा जीव भांड्यात पडला.

"मग ते घर माझं म्हनायचं?" मल्लव्वा म्हणाली.

बाईचा खडू थांबला. "घरं चिठ्ठीने मिळतात आजी. पोराच्या हातून चिठ्ठ्या उचलतात. ज्याला जे येईल ते."

"आनि मला हे आलं तर?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मग आश्रमाची घंटा.

"मी डावरे साहेबांना सगळं सांगते," बाई म्हणाली.

"काय सांगणार? नमुना उलटा बांधला? ते म्हणतील, आणखी काय काय उलटं बांधलंय. बिल्डिंगी तयार आहेत, बाई." मला कोंबड्या दिसायला लागल्या. "असं करू. मी बहुरूपी आहे हे बोलायचंच नाही. मीच मल्लव्वा. हे घर मला बरोबर होतंय. एकदा मंजूर होऊ दे, चिठ्ठीचं चिठ्ठीच्या वेळी बघू."

"हे खोटं आहे."

"खोटं नाही बाई, सोंग आहे."

"फरक काय?"

"सोंग बघणाऱ्याला ठाऊक असतं की हे सोंग आहे," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर माझं मलाच कळलं की मी बाईच्या बाजूने बोललो होतो.

बाईने मल्लव्वाकडे बघितलं. मीही बघितलं. मल्लव्वाने बोटभर मिसरी घेतली आणि सावकाश दातांवरून फिरवली.

"घाल लुगडं," ती म्हणाली. "पन चांगलं घाल. शेवंताचं घालून फिरतोस, माझी अब्रू जाती."

डावरे साहेब दुपारी आले. किडकिडीत माणूस, काखेत छत्री, खिशात टेप. चपला दाराबाहेर काढून आत आले. साहेब वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसाला फसवायचं आम्हाला पाळण्यातच शिकवतात. हा माणूस मला म्हणाला, "आजी, तुम्हाला त्रास देतोय. दमलात की सांगा, आपण थांबू."

बाई एका भिंतीला टेकून उभी होती. खरी मल्लव्वा मागच्या कोपऱ्यात, गोणपाट पांघरून, गाठोड्यासारखी. खिडकीला वस्तीची तोंडं लटकलेली.

मी दारातून आलो. काठी खाचेत ठेवली. कट्ट्यावर टेकलो, उठलो. ओट्यापर्यंत गेलो, स्टोव्हवर पातेलं चढवलं, उतरवलं. साहेब मागे मागे. "आणि काठी हातातून पडली तर?" मी काठी पाडून उचलून दाखवली. "घसरलात तर?" मी घसरून दाखवलं. पदराखाली घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मिशी नसल्यामुळे घाम थेट तोंडात जात होता. शेवटी संडास. लुगड्यासकट बसलो, दांडी धरली, कण्हलो. शिव्या गिळल्या. उठलो.

डावरे साहेबांनी दांडी स्वतः ओढून बघितली. टेप लावला. मान हलवली.

"कानिटकर, मला पटलं. काम चांगलं आहे."

खिडकीतून मोठा निःश्वास ऐकू आला. शेवंता होती.

"फक्त एक," साहेब म्हणाले. "जिन्याच्या पलीकडचं घर याच्या उलटं येणार ना?"

"हो," बाई म्हणाली.

"मग आजींना ते निघालं तर?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "चिठ्ठी मला सोडता येणार नाही, सांगून ठेवतो. मागच्या योजनेत चिठ्ठी नव्हती. तळमजले सगळे कुणाकुणाच्या मेव्हण्यांना गेले, आणि लंगडी माणसं तिसऱ्या मजल्यावर. चिठ्ठी आंधळी असते, तेवढाच तिचा गुण." मग ते माझ्यापुढे वाकले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आजी, समजा उलटं घर आलं. थोडी गैरसोय होईल. पण चालेल ना?"

नुसती मान हलवायची होती. खिडकीतून शेवंता डोळ्यांनी सांगत होती, हलवा. तिच्यामागचे वडार सांगत होते. बाई सांगत नव्हती, पण नको असंही म्हणत नव्हती. एक मान. मी आयुष्यभर माना हलवून पोट भरलेला माणूस.

आणि मला हलवता येईना. मी तिचं चालणं शिकलो होतो, बसणं शिकलो होतो, कण्हणं, थुंकणं, शिव्या. पण इतके दिवस तिच्या समोर बसून मल्लव्वाला कुणाला हो म्हणताना मी एकदाही ऐकलं नव्हतं. ती हो कसं म्हणते, ते मला ठाऊकच नव्हतं.

"आजी? चालेल ना?"

"चालत न्हाई," मागून आवाज आला.

साहेब वळले. कोपऱ्यातलं गाठोडं हललं, गोणपाट खाली पडलं.

"चालत न्हाई सायबा. चालत असते तर ह्या दांड्या कशाला लागल्या असत्या?"

"या कोण?"

"म्या मल्लव्वा."

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "मग या?"

"ती बी मल्लव्वाच. डावी."

खिडकीतल्या तोंडांपैकी निम्मी खाली बसली. मी पदर मागे टाकला. आता काय करावं ते सुचेना, म्हणून अंगात होतं ते केलं. टाचा जुळवून हवालदाराचा सलाम ठोकला. त्यापेक्षा रडलो असतो तर बरं झालं असतं.

"कानिटकर," साहेब म्हणाले. ओरडले नाहीत. "हा पुरुष आहे."

बाईने सगळं सांगितलं. प्लायवुड, नक्कल, आरसा, सकाळचं. मधे कुठे थांबली नाही. बोलताना तिची पेन्सिल हातात मोडली, तेही तिला कळलं नाही. साहेबांनी ऐकलं, छत्री उचलली आणि दाराकडे निघाले.

"थांब," मल्लव्वा म्हणाली. "सोंग बघितलंस न्हवं? आता मला बघ."

आणि जी म्हातारी एका बाईमाणसाला आपला त्रास तोंडानेही सांगायला तयार नव्हती, ती त्या चार परक्या भिंतींत, दार उघडं टाकून, साहेबासमोर, माझ्यासमोर, खिडकीतल्या सगळ्या वडारांसमोर लुगडं सावरून कमोडवर बसली. दांडी तिच्या मेलेल्या हाताला आली. डावा हात तिने अंगावरून पलीकडे नेला. बोटं दांडीला लागली, पण ओढताना अंग फिरलं आणि ती खाली आपटली. पुन्हा केलं. पुन्हा. तिने आधी डोळे मिटले, मग ओठ आवळले. मी नेमकं उलटं करत आलो होतो.

खिडकीत एकही तोंड राहिलं नाही. सगळ्यांनी पाठी फिरवल्या होत्या.

साहेबांनी छत्री भिंतीला लावून हात पुढे केला.

"तुजा हात रोज येनार हाय का?" मल्लव्वा म्हणाली. हात तिने घेतला नाही. बाई धावली आणि तिने तिला काखेत धरून उठवलं.

मल्लव्वा धापा टाकत उभी राहिली. "चिठ्ठ्या काढ की. नको कोन म्हनतंय? ज्याचं दोनी हात चालतात, त्याच्या काढ. त्याला डावं काय, उजवं काय."

डावरे साहेबांनी कमोडच्या दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या भिंतीवर हाताने थापटून बघितलं. एकदा या भिंतीवर, एकदा त्या. चपला घातल्या आणि गेले. छत्री विसरून गेले. ती परत द्यायला जायची कुणाची छाती झाली नाही.

त्यानंतरचे दिवस मला सांगायला आवडत नाहीत. वडार आमच्याशी बोलेनात. मल्लव्वाच्या दारावरून जाताना लोक मुद्दाम मोठ्याने बोलायचे, एकीच्या संडासापायी सगळी वस्ती रस्त्यावर आली म्हणून. शेवंताने भांडी बांधून ठेवली. मी एक दिवस मल्लव्वाजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली, "तू मान हलवाया हवी हुतीस रं." मी म्हणालो, "मग तू कशाला बोललीस?" तर म्हणाली, "तू हलवली न्हाईस म्हनून."

निरोप घेऊन बाई आली ती स्कूटर चालू ठेवूनच उतरली. घरं माळावरच. तळमजल्याची घरं चिठ्ठीतून वगळली. ज्याच्या अंगाला अडचण आहे त्याने आधी घरात यायचं, धरून बघायचं, बसून बघायचं, आपलं घर सांगायचं. उरलेल्यांची चिठ्ठी. शेवटी डावरे साहेबांनी आपल्या हाताने एक ओळ घातली होती. संडासाच्या दोन्ही बाजूंना भिंत विटांचीच ठेवावी, म्हणजे पुढे दांडी कुठेही बसवता येईल. बाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होती, आणि मागे स्कूटर आडवी होऊन तशीच धडधडत होती.

पण मंजुरी म्हणजे घर नव्हे. बांधकाम रखडलं. मल्लव्वाला खोकल्याने धरलं. पाया आला तेव्हा ती काठीने येऊन बघून जायची. भिंती आल्या तेव्हा तिला धरून न्यावं लागायचं. स्लॅब ओतला तेव्हा ती अंथरुणातच होती. ही काही दार बघत नाही, असं लोक उघड म्हणायला लागले. आणि आता तिला आश्रमात टाकावं म्हणणारे तेच होते, ज्यांना तिच्यामुळे अंगणापुढे जास्तीचा उतार मिळाला होता.

म्हातारीने मात्र दार बघितलं. सामान म्हणजे दोन डबे आणि गोणपाट. पहिल्याच सकाळी तिने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

आम्ही जिन्यापाशी उभे. मी, शेवंता, आणि पहाटेची एसटी पकडून आलेली बाई. आत काठीचा आवाज, ठक, ठक. मग बादलीत पाणी. मग काहीच नाही.

शेवंता म्हणाली, "वेळ लागतोच म्हातारीला."

आणखी काहीच नाही.

"आजी?" बाईने हाक मारली. उत्तर नाही. ती माझ्याकडे वळली. हा सगळा नकाशा तिने काढला होता, झोपेतून उठवून विचारलं तरी तिने वीट न् वीट सांगितली असती. आणि ती मला विचारत होती, "रंगनाथराव, दांडी डावीकडेच आहे ना?"

मी माझे दोन्ही हात पुढे धरून बघितले. शपथ घेऊन सांगतो, त्या क्षणी मला माझा डावा हात कुठला ते सांगता येत नव्हतं.

"दार तोडा," शेवंता म्हणाली. "आत पडली असंल."

"कडी आहे," मी म्हणालो.

"मग खांदा लावा की."

मी पदराशिवाय, सोंगाशिवाय, साध्या सदऱ्यात दाराला खांदा लावला. बाईने डोळे मिटले होते. मी दम घेतला. तेवढ्यात आत कण्हल्याचा आवाज आला, पाठोपाठ एक कचकचीत शिवी, आणि पाणी सोडल्याचा मोठा घळघळाट.

कडी वाजली. दार उघडलं. मल्लव्वा उभी होती. तोंड धुतलेलं, केस ओले, काठी डाव्या हातात. दाराला खांदा लावून वाकलेला मी, डोळे मिटलेली बाई, तोंडावर हात धरलेली शेवंता आणि जिन्याच्या पायऱ्यांवर कधी जमले ते कळलंही नाही असे वीस-पंचवीस वडार, सगळ्यांकडे तिने एकदा बघून घेतलं.

"कोन मेलं?" तिने विचारलं.

मी खांदा काढून सरळ झालो.

"मग व्हा बाजूला. मला च्या टाकायचाय."

आणि तिने आमच्या तोंडावर दार लावून घेतलं.